काच फुटते कशी
(लघु माहितीपटासाठी निवेदन)

(दृश्य: कटिंग टेबल, चाकाचा क्लोजअप)

कार्बाइडचं बारीक चाक काचेवरून सरकतं आणि मागे रॉकेलची ओली रेघ सोडतं. काचेवर उमटतो तो फक्त एक ओरखडा. मग कडेला नेमका झटका बसतो आणि 12 मिलिमीटर जाडीची काच त्या रेघेवर सरळ दुभंगते. जुने सुतार हेच काम हातातल्या हिरकणीने करायचे. मापात कापलेलं तावदान चौकटीत बसवायचं, कडेने लांबी (पुटी) भरायची, झालं काम.

नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यातल्या या शेडमध्ये काच तयार होत नाही, तिच्यावर पुढची प्रक्रिया होते. टेबलावर आहे तो 12 फूट बाय 8 फुटांचा अखंड ताव. वजन साधारण 270 किलो. तो हाताने कोणी उचलत नाही, क्रेनला लावलेले रबरी सक्शन कप उचलतात.

(दृश्य: जुन्या घराची खिडकी, मग फ्लोट काचेचं ॲनिमेशन)

जुन्या घराच्या खिडकीतून बाहेर बघताना समोरची भिंत किंचित हलल्यासारखी दिसते. ती काच वितळलेल्या रसातून वर ओढून काढलेली असायची, त्यामुळे तिच्यात लाटा राहायच्या. इंग्लंडमध्ये पिल्किंग्टन कंपनीने 1959 मध्ये वेगळी रीत जगासमोर आणली. वितळलेल्या कथलावर काचेचा रस सोडायचा. कथील 232 अंशांना वितळतं, तर काच त्याच्या कितीतरी वर, 600 अंशांच्या आसपास, पट्टा उचलण्याइतकी घट्ट होते. त्यामुळे काच द्रव कथलावर तरंगत पसरते आणि दोन्ही अंगांनी सपाट होऊन बाहेर येते. हीच फ्लोट काच. भारतात तिचे कारखाने 1990 च्या दशकात उभे राहिले. आज आपल्या इमारतींत दिसणारी बहुतेक सपाट काच मुळात हीच असते. तिचं पुढे काय केलं, यावर सगळं ठरतं.

(दृश्य: साधी काच फोडताना, स्लो मोशन)

काहीच केलं नाही, तर ती अशी फुटते. लांब, निमुळते, सुरीच्या धारेचे तुकडे. बाथरूमच्या दारात आणि जिन्याच्या कठड्यात आजही हीच काच अनेक ठिकाणी बसलेली आहे. काच निवडताना आपण रंग बघतो, चकाकी बघतो. पहिल्यांदा बघायला हवं ते हे.

(दृश्य: कडा घासणं, भोकं पाडणं, धुलाई)

काच अशी फुटू नये म्हणून ती भट्टीत टाकतात, पण भट्टीच्या आधी बरंच काम असतं. कापलेल्या कडेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात आणि काच बहुतेक वेळा कडेपासूनच तडकते. म्हणून कडा पाण्याच्या धारेखाली घासून गुळगुळीत करतात. बिजागरीसाठी, हँडलसाठी, नटबोल्टसाठी लागणारी भोकं आत्ताच पाडतात. हिऱ्याचा ड्रिल आधी एका बाजूने अर्ध्यापर्यंत, मग दुसऱ्या बाजूने; एकाच बाजूने आरपार नेला तर पलीकडची कड ढलपते. नंतर धुलाई. पृष्ठभागावर धुळीचा कण राहिला तर तो भट्टीत कायमचा डाग होऊन बसतो.

(दृश्य: भट्टीचं तोंड. काच आत जाते. नैसर्गिक आवाज 5 सेकंद)

ही टफनिंगची, म्हणजे काच बळकट करण्याची, भट्टी. काच सिरॅमिकच्या रोलरांवर पडून असते आणि रोलर तिला सतत पुढे-मागे झुलवत राहतात. ती एका जागी थांबली तर मऊ पडून दोन रोलरांच्या मध्ये खाली झुकेल. हिशेब ढोबळ आहे, दर मिलिमीटर जाडीला सुमारे 40 सेकंद. म्हणजे ही 12 मिलिमीटरची काच आठेक मिनिटं आत राहणार. 620 अंशांच्या पुढे गेली की ती बाहेर येते, आणि त्याच क्षणी वरून-खालून शेकडो नळ्यांतून हवेचा मारा सुरू होतो. ब्लोअरचा आवाज इतका, की इथली माणसं हातवाऱ्यांनीच बोलतात.

खरी गंमत याच काही सेकंदांत आहे. काचेचा पृष्ठभाग ताबडतोब निवतो आणि घट्ट होतो. गाभा अजून गरम असतो. तो मागाहून निवतो, आकसायला बघतो, पण पृष्ठभाग आधीच गोठलेला असल्यामुळे त्याला आकसता येत नाही. मग गाभा ताणात राहतो आणि पृष्ठभाग दाबाखाली. हा दाब कायमचा. चीर पुढे सरकायची तर तिला आधी हा दाब मोडावा लागतो. म्हणून टफन काच साध्या काचेच्या चार-पाच पट बळकट असते.

(दृश्य: ध्रुवीकृत चष्म्यातून दिसणारी काच)

ध्रुवीकृत गॉगल लावून बघितलं, की हवेचा मारा कुठे कुठे बसला ते काचेवर चित्त्याच्या अंगावरच्या ठिपक्यांसारखं उमटलेलं दिसतं.

(दृश्य: फोडण्याची चाचणी)

आता तीच काच मुद्दाम फोडायची. हातोडी मधोमध मारत नाहीत. कडेजवळ टोकदार पंचाचा एक ठोका पुरतो. पृष्ठभागाचा दाब भेदला गेला, की आत अडकलेली सगळी ताकद एकदम सुटते. पूर्ण ताव डोळ्यांदेखत खडीसाखर होतो. 50 मिलिमीटरच्या चौकोनात किमान 40 तुकडे मोजून भरले, तर टफनिंग नीट झालं. या तुकड्यांना सुरीची धार नसते.

म्हणूनच एकदा टफन झालेली काच पुन्हा कापता येत नाही, तिला नवं भोकही पाडता येत नाही.

पण एवढ्यावर समाधान मानू नका. टफन काच फुटते ती सगळी एकदम फुटते आणि चौकट रिकामी होते. क्वचित कोणी हात न लावताही फुटते. आत निकेल सल्फाइडचा कण राहिला असेल, तर तो कालांतराने फुगतो. असे ताव आधीच फुटून बाजूला व्हावेत म्हणून काच भट्टीत काही तास तापवून ठेवतात. अकराव्या मजल्याच्या बाल्कनीचा कठडा एका ठोक्यात नाहीसा झाला, तर त्याला टेकून उभ्या असलेल्या माणसाचं काय?

(दृश्य: लॅमिनेशनची बंद खोली, पीव्हीबीचा रोल)

उत्तर या बंद, धूळमुक्त खोलीत आहे. दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी या चिवट प्लास्टिकची फिल्म अंथरली जाते. ती 0.38 मिलिमीटरच्या पटीत मिळते; कठड्यासाठी सहसा 1.52 वापरतात. रोलरमधून दाबून निघालेला हा जोड दुधट, धुरकट दिसतो. मग तो ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब आणि उष्णता देणाऱ्या बंद टाकीत, जातो. तिथे सुमारे 140 अंश उष्णता आणि वातावरणाच्या बारापट दाब. दार उघडल्यावर आतून लख्ख पारदर्शक काच बाहेर येते.

एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून 1903 मध्ये एक चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही. आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून राहिला होता. लॅमिनेटेड काचेची सुरुवात तिथली.

(दृश्य: लॅमिनेटेड काचेवर हातोडीचे घाव)

एक घाव, दुसरा, तिसरा. जाळं पसरतं, पण काच जागची हलत नाही. डोक्यावरच्या स्कायलाइटला आणि बाल्कनीच्या कठड्याला हीच काच हवी.

(दृश्य: डबल ग्लेझिंगची लाइन)

दोन काचांमध्ये पोकळी ठेवून केलेली ही डबल ग्लेझिंग. मध्ये ॲल्युमिनियमची पट्टी, पट्टीत ओल शोषणारे दाणे, कडेला ब्यूटाइल रबर आणि त्यावर सिलिकॉन. कडेचा हा जोड लवचीक लागतो. अमेरिकेतल्या बॉस्टनच्या हॅनकॉक टॉवर या उंच इमारतीत तो शिशाचा, ताठर होता. 1973 मध्ये काचा निखळून खाली येऊ लागल्या आणि शेवटी सगळ्या 10,344 काचा बदलाव्या लागल्या.

(दृश्य: वांद्रे-कुर्ला संकुल, दुपार)

काचेच्या इमारती तापतात, एसीचं बिल वाढवतात, आगीत धूर कोंडतात. लो-ई, म्हणजे उष्णता परतवणाऱ्या पातळ लेपाने उष्णता आणि बिल कमी होतं, आगीत कोंडणारा धूर नाही.

(दृश्य: काचेच्या कोपऱ्यातला शिक्का, क्लोजअप)

2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत काचेसाठी स्वतंत्र विभाग आहे. माणूस धडकण्याची किंवा तोल जाऊन पडण्याची शक्यता असेल, तिथे सुरक्षा काच (टफन किंवा लॅमिनेटेड) वापरायची, असं त्यात सांगितलं आहे. काच घरी आली, की कोपऱ्यातला आयएस 2553 या भारतीय मानकाचा शिक्का बघा. कठड्याच्या ऑर्डरमध्ये नुसतं ‘टफन’ नको, ‘टफन लॅमिनेटेड’ असं लिहून घ्या. दोन काचा आणि मधली फिल्म यामुळे भाव जास्त पडेल. भोकांची जागाही माप घ्यायला माणूस येईल तेव्हाच पक्की करा, भट्टीनंतर त्यात बदल होत नाही.