कार्कासोनची दाम आणि पाच चकल्या

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशात राहणाऱ्या लेकीकडे आई-वडील येणार म्हटले की त्यांना काय काय दाखवायचे याची यादी लेक आधीच करून ठेवते, आणि ती यादी नेहमीच त्यांच्या गुडघ्यांना न पेलणारी असते. आम्ही फ्रान्सच्या दक्षिणेला तुलूझ शहरात राहतो. माझे आई-अण्णा साताऱ्याहून आमच्याकडे आले, तेव्हा आठ दिवसांत पाच शहरे असा बेत माझ्या यजमानांनी कागदावर मांडला होता. अण्णांनी तो कागद शेवटपर्यंत वाचला, त्याची नीट घडी घातली आणि विचारले, "जावईबापू, यात आम्ही टेकायचे कुठे?" त्या प्रश्नाने पाचांपैकी चार शहरे गळाली आणि बेत ठरला तो असा : एकच गाव, दोन रात्री, आणि फिरायचे ते पायी. पुन्हा सांगते, कारण रेडिओवर मागे जाऊन वाचता येत नाही : एकच गाव, दोन रात्री आणि पायी.

ते गाव म्हणजे कार्कासोन. तुलूझहून रेल्वेने साधारण तासाभरात तिथे पोहोचता येते. स्थानकाबाहेर पडताच कालवा लागतो. हा तुलूझला भूमध्य समुद्राशी जोडणारा कालवा १६८१ मध्ये पुरा झाला. पण खर्चाचा वाटा उचलायला कार्कासोनकरांनी नकार दिल्यामुळे तो गावाला वळसा घालून गेला आणि त्याला गावात यायला १८१० साल उजाडले. पाण्याच्या कामात हात आखडता घेऊ नये हे आम्हा दुष्काळी टापू पाहिलेल्या माणसांना कुणी वेगळे सांगायला नको, असो. कालव्यापलीकडे तेराव्या शतकात राजा नववा लुई याने वसवलेले, सरळ रस्त्यांचे खालचे गाव आहे, त्यापुढे ओद नदीवरचा जुना दगडी पूल आहे आणि पुलापलीकडच्या टेकडीवर आहे तो किल्ला, ज्याला तिथले लोक नुसते 'सिते' म्हणतात.

अण्णांनी उभ्या आयुष्यात अजिंक्यताऱ्याच्या फेऱ्या मारल्या आहेत, त्यामुळे किल्ला म्हटल्यावर त्यांना माहितीपत्रक लागत नाही. एकात एक असे दोन तट, मिळून सुमारे तीन किलोमीटरची तटबंदी आणि ५२ बुरूज, एवढे ऐकून ते पुढे झाले. आतल्या तटाच्या पायथ्याशी लहान दगडांमधून तांबड्या विटांचे थर गेलेले दिसतात. ते रोमन काळाच्या अखेरचे काम. बाहेरचा तट तेराव्या शतकातला आहे आणि तो आतल्यापेक्षा ठेंगणा आहे, तो का, हे अण्णांनी नातीला तिथेच उभे करून सांगितले : आतल्या तटावरच्या तिरंदाजाला बाहेरच्या तटाच्या डोक्यावरून बाण मारता यावा म्हणून. बाहेरच्या काही बुरुजांची पाठ तर मुद्दाम उघडी ठेवलेली आहे, म्हणजे शत्रूने तो बुरूज घेतला तरी त्याला आतल्या माऱ्यापासून आडोसा मिळू नये. जंग्या, म्हणजे तटातली मारा करायची भोके, मोजता मोजता अण्णांचे गुडघे दुखायचे थांबले होते, किंवा त्यांनी निदान तसे सांगितले.

१६५९ च्या तहाने स्पेनची हद्द दक्षिणेला सरकली, तसे किल्ल्याचे महत्त्व संपले आणि लोक त्याचे दगड काढून नेऊ लागले. एकोणिसाव्या शतकात तो पाडण्याचेच घाटत होते. गावकऱ्यांनी आरडाओरडा केला म्हणून तो वाचला, आणि १८५३ पासून व्हिओले-ल-द्युक या वास्तुकाराने त्याची डागडुजी सुरू केली. त्याने दक्षिणेतल्या बुरुजांना उत्तरेकडची टोकदार, काळ्या पाटीच्या दगडाची छपरे चढवली म्हणून त्याला आजही बोल लावला जातो. माझे मत विचाराल तर, आपल्याकडे जुन्या चिऱ्यांवर सिमेंटचा गिलावा थापला जातो त्यापेक्षा ही टोपी पुष्कळ बरी. तटाच्या आत फिरायला तिकीट नाही; ते फक्त आतल्या गढीसाठी आणि तटावर चढण्यासाठी लागते. दिवसाचे प्रवासी संध्याकाळी परतले की गल्ल्या मोकळ्या होतात, आणि दोन तटांमधल्या पट्ट्यात आपल्याच पावलांचा आवाज येतो. तो ऐकायचा असेल तर मुक्काम हवा. म्हणून म्हणते, दोन रात्री.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज तुमच्यासमोर बसले आहे, ती गोष्ट. कार्कासोनच्या नावाची एक दंतकथा आहे आणि ती माझ्या यजमानांनी गाडीतच मुलीला सांगितली होती. सम्राट शार्लमेनने या किल्ल्याला पाच वर्षे वेढा घातला. आतला राजा मेला, आणि त्याची विधवा दाम कार्कास, म्हणजे आपल्या भाषेत कार्कासबाई, किल्ला लढवू लागली. धान्य संपत आले. तेव्हा तिने उरलेले एकुलते एक डुक्कर उरल्यासुरल्या गव्हाने टम्म भरले आणि बुरुजावरून खाली फेकून दिले. ते फुटले, गहू सांडला, आणि जनावरांना गहू चारण्याइतकी यांची कोठारे भरलेली आहेत असे समजून शार्लमेनने वेढा उठवला. बाईने आनंदाने घंटा वाजवल्या. कार्कास 'सोन', म्हणजे कार्कास घंटा वाजवते आहे, म्हणून कार्कासोन. यातले इतिहासात काहीही बसत नाही. हा मुलूख ७५९ च्या सुमारास शार्लमेनच्या वडिलांनीच जिंकला होता, आणि गावाचे नाव तर रोमन काळापासूनचे आहे. पण आईची हरकत वेगळीच होती. "एवढा गहू वाया घातला," ती म्हणाली. "लापशी झाली असती."

आम्ही पोहोचलो तो रविवार होता. रविवारी दुपारनंतर खालच्या गावातली दुकाने बंद असतात, हे फ्रान्समध्ये चार वर्षे राहूनही मी विसरले, हा सर्वस्वी माझा गलथानपणा. वर किल्ल्यात खानावळी उघड्या होत्या, पण तिथली नावाजलेली कासुले ही पांढऱ्या घेवड्याची उसळ बदक आणि डुकराच्या मांसात शिजवतात, आणि आई-अण्णांना त्या दिवशी पुन्हा चढ चढवणार नव्हता. भाड्याने घेतलेल्या घरात आईने आपली पिशवी उघडली. त्यात दोन वाट्या तांदूळ, मेतकुटाची पुडी आणि डब्याच्या तळाशी पाच चकल्या होत्या. माणसे पाच, चकल्या पाच. हिशेब चोख होता.

भात उतरतो न उतरतो तोच घरमालकीण बाई दारात. सत्तरीच्या असतील, सगळे ठीक आहे ना, एवढेच विचारायला आल्या होत्या. आईने पदर सारखा केला, स्वतःचे नाव घातलेली स्टीलची ताटली काढली, तीत पाचही चकल्या मांडल्या आणि त्यांच्यापुढे धरली. मी डोळ्यांनी खुणावले, पण आई त्या वेळी साताऱ्यातल्या स्वयंपाकघरात उभी होती. बाईंनी एक चकली खाल्ली आणि गालांना हात लावले. आपल्याकडे पाहुणा इथे "पुरे, पुरे" म्हणतो आणि मग यजमानीण आग्रह करते. आईने ठरल्याप्रमाणे आग्रह केला, "घ्या हो, भरपूर आहेत," आणि तो मी मुकाट्याने फ्रेंचमध्ये सांगितला. बाईंना "पुरे, पुरे" ठाऊक नव्हते. घरी नातवंडे आली आहेत, असे सांगून आणि मनापासून आभार मानून त्या उरलेल्या चार चकल्या ताटलीसकट घेऊन गेल्या.

दार लागले. कुणी बोलेना. मग मुलगी म्हणाली, "आजी, माझी चकली?"

त्या रात्री आम्ही मेतकूट-भात खाल्ला, प्रत्येकी चार घास. अण्णा हसू दाबत होते आणि आई त्यांच्याकडे बघत नव्हती. सकाळी ताटली दारात आली; स्वच्छ घासलेली, पुसलेली आणि रिकामी. आईने ती उलटीपालटी करून पाहिली. शेजारणीचे भांडे रिकामे परत करायचे नसते, किमान साखरेचे चार दाणे तरी घालायचे असतात, हे त्या बाईंना कोण सांगणार?

मग आम्ही पूल ओलांडून किल्ल्याच्या नार्बोन दरवाज्यापाशी गेलो. तिथे दाम कार्कासचा दगडी अर्धपुतळा आहे, मूळ पुतळ्याची प्रत. चेहरा जाडजूड आणि डोळे समोर लावलेले. आई त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. अण्णा जंग्यांकडे निघाले होते, ते थांबले.

"बाई हुशार होती," आई म्हणाली, "पण नशीब चांगले. तिने डुक्कर फेकले, तर वेढा उठला. मी चकल्या पुढे केल्या, तर चकल्याच उठल्या."