गंगेचा काठ सलग पाहिजे

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय दिलाय 'नाशिकचा नदीकाठ आणि सायकल', नदी म्हणजे गोदावरी, आपण नाशिककर तिला गंगाच म्हणतो, तर आधी दिवसभराची राईड सांगतो आणि मग काय करायला पाहिजे ते, असं ठरवून आलोय. उजाडायच्या आत गंगापूर धरणापाशी पोचायचं. तिथून सोमेश्वर, आनंदवल्ली, मग गोदापार्क, रामवाडी, होळकर पूल, रामकुंड, तपोवन, आगर टाकळीला नासर्डीचा संगम आणि समर्थांचा मठ, दसक-पंचक, आणि पायात दम असेल तर चांदोरी-सायखेडा करत थेट नांदूरमधमेश्वर, म्हणजे कडवा नदी मिळते तिथं. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगानं दखल घेतलेली पाणथळ जागा, थंडीत गेलात तर पक्षी बघताना परतायचं भान राहत नाही. आणि सगळा प्रवास पाण्याच्या दिशेनं, म्हणजे चढ जवळजवळ नाहीच. इथं अर्ध्या लोकांनी हे केलेलं असणार, हात वर करा बघू... हां. आणि उरलेले मिसळीपर्यंत येऊन माघारी वळणारे, ओळखलं मी, समोरच बसलेत.

आता एक सांगतोच. बुधवारचा बाजार गंगेवर भरतो, तुम्हाला माहितीये. त्या दिवशी मी गाडगे महाराज पुलाजवळ आलो तर नेहमीसारखा काठचा रस्ता संपला आणि पुढं पायऱ्या. मी सायकल खांद्यावर घेतली, हलकी आहे, उचलते. मागून एक काका आले, दसककडचे, जुनी काळी सायकल, कॅरियरवर पालकाच्या जुड्या ओल्या गोणपाटात बांधलेल्या आणि हँडलला दोन पिशव्या. म्हटलं काका, मागून धरू का? तर म्हणाले, "धरशील रे, पण रोज कोण धरणार? मी आपला वरनं जातो." वरनं म्हणजे कुठनं, तर ट्रक-बसच्या रहदारीतनं, सकाळी सकाळी, खाली नदीकाठ मोकळा पडलेला असताना! आम्ही दोघांनी मिळून ती सायकल चढवली, त्यात दोन जुड्या पडल्या, त्यांनी त्या मलाच दिल्या, पैसे घेईनात. तेव्हापासून मी ज्याला भेटेन त्याला हेच सांगतो. आपल्या गावचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन २०१५मध्ये अमेरिकेतली रॅम, म्हणजे 'रेस अक्रॉस अमेरिका' ही देश आडवा पार करायची सायकल शर्यत, पूर्ण करून आले, त्याचा मला मनापासून अभिमान आहे, पण काठचा रस्ता कुणासाठी आखायचा असं विचाराल तर या काकांसाठी. त्यांची भरलेली सायकल न उतरता गेली की आपल्या सगळ्यांच्या जातात.

याबद्दल एका कार्यालयात अर्जही दिला होता. तिथल्या साहेबांनी नकाशा काढून दाखवला, त्यात रस्ता सलग रंगवलेला. पायऱ्या नकाशात दिसतच नाहीत हो! त्यावर बरंच...

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत म्हणे. बरं, मग भरभर सांगतो. रस्ता पुलाखालून गेला पाहिजे, डोक्यावर अडीच मीटर मोकळं. पायऱ्यांच्या बाजूला उतार पाहिजे, वीस फुटांना एक फूट चढ, त्याहून तीव्र केला तर भरलेली सायकल ढकलावी लागते. आणि पूर. २००८, २०१६, २०१९, प्रत्येक वेळी पाणी कुठवर चढलं ते कळायला रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडं बघत आपण उभे होतो. २०१६च्या पुरानं गोदापार्कची कशी वाट लावली ते तुम्ही पाहिलंय. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे सरकारनं आखलेल्या पुराच्या हद्दीच्या, आत बांधलेलं एक ना एक दिवस पाण्याखाली जाणारच, मग ते जाऊन परत वर येईल असंच बांधा ना. रेलिंग नको, पाणवेली आणि कचरा त्यात अडकतो, पाण्याचा जोर वाढतो आणि सगळंच उपटून जातं. सुट्या फरशा नकोत, खालची माती धुपली की त्या उचकटतात. साधा, पक्का, काठाला धरून असलेला रस्ता, पूर ओसरला की गाळ ओढून काढता येईल असा.

दसकच्या पुढं तर काठ सोडून गावागावातून जावं लागतं, तो भाग आज राहिला. कुंभमेळ्याची कामं निघालीत, घाट उकरतायत, नवे बांधतायत. आत्ताच पायऱ्यांशेजारी उतार काढून घेतला तर ठीक, नाहीतर पुढचे बारा वर्षं काका वरनंच जाणार. इथं नगरसेवक बसलेत, इंजिनिअरही दिसतायत दोघं-तिघं, तर येत्या बुधवारी सकाळी सहाला गाडगे महाराज पुलाखाली या, मोजायची टेप मी आणतो.