काळा गोल धूसरच बरा

नमस्कार मंडळी. माईक जरा खाली घ्या हो, माझी उंची बॅनरवरच्या फोटोएवढी नाहीये. हां, आता बरंय.

विषय छापलाय 'चष्मा आणि नेमबाजी', आणि आत येतानाच एका काकांनी विचारलं, म्हणजे तुम्ही शिकारी का? नाही हो काका, १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि आपल्याकडचा तो विषय संपला. मी कागदाला भोकं पाडतो. दहा मीटरवरून, एअर पिस्तुलनं, साडेचार मिलिमीटरच्या छर्र्यानं. त्रेपन्नाव्या वर्षी सुरू केलं, म्हणजे चाळिशी लागून बरीच वर्षं झालेली, आणि ही चाळिशी म्हणजे नाकावरची बरं का. आज मला खरं तर एकच गोष्ट सांगायचीय, नेमबाजीच्या चष्म्याचा नंबर कसा काढायचा. ती शेवटी सांगतो, आधी माझं रडगाणं ऐकून घ्या.

आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफल नेमबाजीचं ब्राँझ मारलं तेव्हा कोल्हापुरात काय झालं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. पण त्यानंतर रेंजवर आईबापांची रांग लागली आणि प्रत्येकाचा प्रश्न तोच, आमच्या पोराला चष्मा आहे, चालेल का? चालेल की! त्याच पॅरिसमध्ये तो तुर्की गडी नाही का, युसुफ डिकेच, एक हात खिशात घालून उभा होता, सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला तो फोटो. वय ५१, एअर पिस्तुलच्या मिक्स्ड टीमचं सिल्व्हर, आणि त्याच इव्हेंटमध्ये आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंगला ब्राँझ. लोक म्हणाले, बघा, काहीही साहित्य न वापरता मारलं! अहो काहीही कसं, डोळ्यावर चष्मा होता की त्याच्या. साधा होता म्हणून कुणाला दिसला नाही इतकंच. चष्मेवाल्यांचं हे असंच असतं, कौतुक खिशातल्या हाताचं होतं.

आता अर्जुनाकडे येऊ, आल्याशिवाय व्याख्यान पुरं होत नाही. द्रोणाचार्यांनी विचारलं काय दिसतंय, हा म्हणाला फक्त पोपटाचा डोळा. पैकीच्या पैकी मार्क. पण याच्या हातात पिस्तुल दिलं असतं ना, तर आमच्या कोचनं पहिल्याच दिवशी वर्गाबाहेर काढला असता. (हसू नका, मी स्वतः तीन महिने अर्जुन होतो.) पिस्तुलात टार्गेट बघायचंच नसतं. नळीच्या टोकावर एक बारकं काळं पातं असतं, ती फ्रंट साईट, आणि डोळ्याच्या बाजूला खाच असलेली रिअर साईट. त्या खाचेत पातं बरोबर मधोमध, दोन्हींची डोकी सरळ रेषेत, आणि पातं कसं, तर ब्लेडनं कापल्यासारखं धारदार दिसायला पाहिजे. मागचा, टार्गेटवरचा काळा गोल धूसर झाला तरी चालतो, झालाच पाहिजे म्हणा ना.

का? हिशेब सोपा आहे, बँकेत आयुष्य गेलं म्हणून मला आवडतो. दोन साईटमध्ये अंतर साधारण ३३ सेंटिमीटर. पातं खाचेत एक मिलिमीटर सरकलं की दहा मीटरवर छर्रा सरकतो तीस मिलिमीटर. टार्गेटच्या मधोमध दहा गुणांचं वर्तुळ आहे साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे त्या एका मिलिमीटरनं दहाचे सात झाले. आणि पातं बरोबर ठेवून अख्खा हात पाच मिलिमीटर हलला तर? छर्राही पाचच हलतो, दहा तर दहाच राहतात. म्हणून हाताला माफी आहे, पात्याला नाही. आणि डोळा तर एका वेळी एकाच अंतरावर नीट बघतो.

आता रडगाणं. माझ्या रोजच्या चष्म्यात प्रोग्रेसिव्ह काच, वर लांबचं, खाली जवळचं, मध्ये मधलं. समोर बघितलं की टार्गेट लख्ख आणि पातं म्हणजे उकडीच्या मोदकाचं टोक. मग मी काय करायचो, हनुवटी वर करायचो, म्हणजे काचेच्या मधल्या भागातून पातं स्पष्ट दिसायचं. पण मान मागे गेली की तोल जातो, आणि दर शॉटला हनुवटी कमीजास्त, छर्रे खालीवर. कोच म्हणायचे, साहेब तुम्ही नेम धरताय का पत्रिकेतले ग्रह बघताय.

शेवटी गेलो एका चष्म्याच्या दुकानात. म्हटलं शूटिंगसाठी चष्मा पाहिजे. काउंटरवरचा पोरगा एकदम सावरून उभा राहिला, कुठली सिरियल सर? गाव कोल्हापूर, त्याचीही चूक नाही म्हणा. समजावलं. मग मालक आले आणि म्हणाले, ऐंशी सेंटिमीटरवरचं बघायला कुणी चष्मा करतं का, लांबचा करा नाहीतर वाचायचा करा. मी म्हटलं लांबच्यापेक्षा थोडा कमी करा. ते म्हणाले कमी नंबर दिला तर डोळे बिघडतील, आणि मला परत प्रोग्रेसिव्हच विकला, आधीच्यापेक्षा भारी आणि भारीच महाग. तो घालून मॅचला गेलो. सहाशेपैकी किती आले ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. दवाखान्यात पिस्तुल नेणार कसं? पेशंट पळतील. म्हणून घरातलं लाटणं घेतलं, टोकाला काळी चिकटपट्टी लावली. आदल्या दिवशी बायकोनं ब्लाउजची टेप लावून मोजलं होतं, डोळ्यापासून पात्यापर्यंत ८२ सेंटिमीटर. तर मी तपासणीची ती जड गोल फ्रेम घालून, लाटणं रोखून, भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर उभा, आणि डॉक्टर एकेक काच बदलतायत. दारातनं एक आजी डोकावल्या, नातवाला म्हणाल्या, चल बाळा, आपण उद्या येऊ.

चिठ्ठी आली का? पाच मिनिटं? अहो मुख्य भाग राहिलाय सगळा! बरं, पटापटा सांगतो.

एक भागिले मीटरमधलं अंतर, हा झाला डायॉप्टर, म्हणजे चष्म्याचा नंबर. ८२ सेंटिमीटरला साधारण सव्वा. तो पूर्ण दिला तर पातं लख्ख पण काळा गोल इतका पसरतो की नेम कुठं धरायचा कळत नाही. म्हणून निम्मा द्यायचा, लांबच्या नंबरात अधिक अर्धा किंवा पाऊण, दोन्ही घालून बघून ठरवायचं. माझा लांबचा उणे सव्वादोन, पाऊण मिळवला, उणे दीड झाला. तिरका नंबर, म्हणजे चिठ्ठीवरचा सिलिंडर, असेल तर तो पूर्ण ठेवायचा, त्यात काटछाट नाही. काच एकाच नंबरची, प्रोग्रेसिव्ह नको, बायफोकल नको. आणि डोळा काचेच्या मध्यातून, सरळ बघायला पाहिजे.

रायफलवाल्यांनो, तुमचा गाल बटला, म्हणजे बंदुकीच्या मागच्या दांड्याला टेकलेला, म्हणजे तुम्ही साध्या चष्म्याच्या वरच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून बघता, तिथं काच फसवते. म्हणून ती एका काचेची फिरवता येणारी फ्रेम मिळते. तुम्हाला एक फायदा आहे, मागची साईट म्हणजे बारीक भोक. आत्ता चष्मा काढून मुठीला बारकं भोक ठेवून त्यातनं माझ्याकडे बघा. दिसलो ना स्पष्ट? तेच. आयरिस म्हणतात ते काचेपुढचं छिद्रही तेच काम करतं.

दुसरा डोळा मिटू नका, मिटला की चेहरा ताणतो. त्याच्यापुढे दुधी पट्टी लावा, नियमात ३० मिलिमीटर रुंदीपर्यंत चालते. पिस्तुलावर नंबराची काच बसवायला परवानगी नाही, काय असेल ते चेहऱ्यावर. काच पॉलिकार्बोनेटची घ्या, छर्रा उलटून येऊ शकतो. आणि हा चष्मा लावून गाडी चालवू नका, मी चालवली, सिग्नलला समोरच्या बसची पाटी वाचता येईना.

हो हो, थांबतो. प्रश्न खाली चहाला विचारा. लाटणं पिशवीत आणलंय, ज्यांना स्वतःचं अंतर मोजायचंय त्यांनी लगेच या, सातच्या आत घरी पोचवायचंय, कणीक मळून ठेवलीय.