रश्श्यातली पुडी

नमस्कार श्रोतेहो. आज दारू सोडवण्याविषयी, आणि त्यासाठी मोबाइलवर जे सल्ले फिरतात त्यांच्याविषयी.

सांगली जिल्ह्यातल्या एका घरची हकिकत मी जाईन तिथं सांगते. तिथल्या वहिनींना मोबाइलवर जाहिरात दिसली, 'नवऱ्याच्या नकळत चहात घाला, दारू कायमची सुटेल.' पैसे भरले, पाकीट घरपोच आलं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, कुणालाही सांगू नका. आता यजमान चहाला शिवत नसत, म्हणून वहिनींनी रविवारच्या कोंबडीच्या रश्श्यात पुडी टाकली, फक्त त्यांच्या वाटीत. दुपारी रस्सा झाला, संध्याकाळी नेहमीची बैठक. पेला पोटात गेला नि थोड्याच वेळात तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्यांवर उलट्या. घरी आणलं तर सासूबाईंनी आधी मीठमोहऱ्या ओवाळल्या. आमच्याकडे दृष्ट पहिली, डॉक्टर दुसरा. आणि दारू पाजणाऱ्या मित्रांची दृष्ट मात्र कुणी काढत नाही!

रात्री दवाखान्यात डॉक्टर विचारतायत, "काय खाल्लं?" "रस्सा." "आणखी काही औषध?" वहिनी गप्प. पाकिटावर लिहिलं होतं ना! अखेर धाकटी लेक बोलली, "आईनं पप्पांच्या वाटीत पुडी टाकली." डॉक्टर म्हणाले, पाकीट दाखवा. ते केव्हाच चुलीत गेलेलं.

माणूस वाचला. डॉक्टर वहिनींवर चिडले नाहीत. म्हणाले, "दारूबरोबर त्रास होईल असं औषध आम्हीही देतो, ताई. पण तपासून, पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनं."

तेव्हा, गुपचूप काही घालू नका. घातलं असेल तर डॉक्टरांना सांगा, पाकीट जपून ठेवा. पुन्हा सांगते, पाकीट जपून ठेवा.

दुसरा सल्ला असतो, 'मन घट्ट करून आजपासून बंद.' रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेतू शकतं. म्हणून सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

मोबाइलवर वाचायला हरकत नाही. गॅरंटी देणारा, आधी पैसे मागणारा, नाव-पत्ता न सांगणारा दिसला की पुढे सरका. नंबर लिहून घ्या : १४४४६. एक, चार, चार, चार, सहा. ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन, फोन मोफत. मन खचलं असेल तर टेलि-मानस, १४४१६. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारा गट, त्याच्या सभांना फी नसते.

पिणारा यायला तयार नसेल, तर घरच्यांनी तरी समुपदेशकाकडे जावं. जाताना कागदावर लिहून न्या : काय पितो, किती, कधीपासून, शेवटची कधी घेतली, आणि घरात कुणी त्याला नकळत काय दिलंय.