२२ मिलिग्रॅमची खेप

श्रोतेहो, नमस्कार.

वरुड तालुक्यातल्या आमच्या शाळेत आवर्तसारणीचा जो जुना तक्ता टांगलेला होता, तो १०३ क्रमांकाच्या लॉरेन्सियमपाशी संपत होता. २०१६ साली चार नव्या मूलद्रव्यांची नावे पक्की झाली, तेव्हा आठवीच्या मुलांनी आणि मी कणकेची खळ शिजवून त्याच्या खालच्या कडेला ड्रॉइंग पेपरची पट्टी चिकटवली आणि तांबड्या शाईने ११८ पर्यंतची घरे भरली. शेवटच्या घरात ओगानेसॉन लिहून झाले, तशी एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, याच्या पुढचं घर काऊन नाही आखत?’’ त्या प्रश्नाचे उत्तर मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

पावसाळ्याच्या सकाळी धोप्याच्या पानावरचे थेंब आपण सर्वांनी पाहिले आहेत. लहान थेंब मोत्यासारखा गोल राहतो. पान हलवून चार थेंब एकत्र केले की तो पसरट होतो, डुलू लागतो आणि जरासा धक्का लागताच फुटतो. अणूच्या केंद्रकाचेही असेच आहे. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांना बांधून ठेवणारे बल फक्त शेजाऱ्यापुरते चालते, पण प्रोटॉनांचे एकमेकांना दूर लोटणे मात्र केंद्रकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचते. म्हणून प्रोटॉन वाढत गेले की थेंब डुलू लागतो. ९२ प्रोटॉनांचे युरेनियम खाणीत सापडते, ११८ प्रोटॉनांचे ओगानेसॉन सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकेही टिकत नाही.

मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. येथे सीमा एक नाही, दोन आहेत. एक सीमा निसर्गाची: जिथे केंद्रक बांधलेच जाणार नाही. दुसरी सीमा सामग्रीची: जिथे ते बांधायला आपल्याजवळ कच्चा माल नाही. पहिल्या सीमेपर्यंत अजून कोणी पोचलेलेच नाही. आपण अडलो आहोत ते दुसऱ्या सीमेपाशी, सामग्रीपाशी. हे कसे, ते ११७ क्रमांकाच्या हकीकतीवरून कळते, आणि ती हकीकत मी दर वर्षी वर्गात सांगत आलो आहे.

नवे मूलद्रव्य घडवायचे म्हणजे दोन केंद्रके एकमेकांवर आदळवून जोडायची. रशियातल्या दुबना येथील शास्त्रज्ञांनी त्यासाठी कॅल्शियम निवडले, आपल्या चुन्यातलेच कॅल्शियम. पण त्याचा ४८ वजनाचा दुर्मिळ प्रकार, जो हजार अणूंत जेमतेम दोन सापडतो. कॅल्शियमचे प्रोटॉन २०. मग ११७ साठी समोर ९७ प्रोटॉनांचे मूलद्रव्य हवे, आणि ते म्हणजे बर्केलियम. बर्केलियम खाणीत मिळत नाही. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या ओक रिज येथील अणुभट्टीत २५० दिवस न्यूट्रॉनांचा मारा करून ते तयार केले गेले, नंतर ९० दिवस लावून इतर द्रव्यांपासून वेगळे केले गेले, आणि जवळजवळ वर्षभराच्या या खटाटोपातून हाती आले २२ मिलिग्रॅम. पुन्हा सांगतो, २२ मिलिग्रॅम. वरणात टाकायचे चिमूटभर मीठ घ्यावे आणि त्याचाही दहावा भाग करावा, साधारण तेवढे.

हा माल टिकणारा नव्हता. बर्केलियमचे अर्धायुष्य सुमारे ३३० दिवसांचे; आज २२ मिलिग्रॅम असेल तर ३३० दिवसांनी ११ उरणार आणि बाकीचे आपोआप कॅलिफोर्नियम होऊन जाणार. संत्र्याचा तोडा झाला की गाडी रात्रीतूनच का निघते, हे आपल्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. तीच घाई येथे होती. २००९ च्या उन्हाळ्यात शिशाच्या पाच डब्यांत बंद करून ती खेप न्यूयॉर्कहून विमानाने मॉस्कोला निघाली. मॉस्कोच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी कागदपत्रे अपुरी म्हणून ती परत पाठवली. कागद जुळवून पुन्हा पाठवली, पुन्हा परत आली. तिसऱ्यांदा ती आत गेली, तोवर त्या २२ मिलिग्रॅमने अटलांटिक महासागर पाच वेळा ओलांडला होता. माझे तर स्पष्ट मत आहे की, प्रयोगाची वही आणि सोबतचे कागद नीट लिहिणे हाही विज्ञानाचाच भाग आहे, आणि आपल्या शाळांत मुलांकडून प्रयोगवही फळ्यावरून उतरवून घेतली जाते, ही फार वाईट सवय आहे.

पुढे त्या बर्केलियमचा टिटॅनियमच्या पातळ पत्र्यावर थर दिला गेला आणि दुबना येथे त्यावर कॅल्शियमचा झोत सोडला गेला. प्रकाशाच्या वेगाच्या एक दशांश वेगाने, दर सेकंदाला काही लाख कोटी केंद्रके, दीडशे दिवस. दीडशे दिवसांत अणू मिळाले सहा. ते कोणाला दिसले नाहीत. मेळघाटात वाघ दिसत नाही, पण नाल्याच्या ओल्या रेतीत त्याच्या पंजांची रांग दिसते. तसे ११७ चे ११५, ११५ चे ११३ असे होताना बाहेर पडलेल्या अल्फा कणांच्या, म्हणजे दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांच्या गाठोड्यांच्या, रांगेवरून ते ओळखले गेले. एप्रिल २०१० मध्ये ही बातमी जगाला कळली आणि पुढे त्या मूलद्रव्याला टेनेसीवरून टेनेसिन हे नाव मिळाले.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. ११८ साठी कॅल्शियमसमोर ९८ चे कॅलिफोर्नियम ठेवले होते. ११९ साठी ९९ चे आइन्स्टाइनियम ठेवावे लागेल, आणि ते मायक्रोग्रॅमच्या हिशेबात मिळते, म्हणजे मिलिग्रॅमच्याही हजाराव्या भागांत. तेवढ्यात पत्र्यावर थर बसत नाही. पुढचे घर रिकामे आहे ते यामुळे, सामग्रीमुळे.

म्हणून आता कॅल्शियमऐवजी जड केंद्रक फेकून पाहणे चालले आहे. २०२४ साली अमेरिकेतल्या बर्कली येथे प्लुटोनियमवर टिटॅनियम आदळवून ११६ चे दोन अणू मिळवले गेले, त्याला २२ दिवस लागले. टिटॅनियमचे २२ आणि कॅलिफोर्नियमचे ९८ मिळून १२० होतात, ही त्यांची पुढची तयारी आहे. जपानमध्ये व्हॅनेडियमचे २३ आणि क्युरियमचे ९६ जोडून ११९ चा शोध चालू आहे. तेथील शास्त्रज्ञांनी ११३ साठी नऊ वर्षांत तीन अणू मिळवले होते, त्यामुळे त्यांची चिकाटी मोठी आहे.

त्या दिवशी मुलीने पेन्सिल घेऊन ओगानेसॉनच्या उजवीकडे घर आखायला सुरुवात केली, तेव्हा मी तिला थांबवले आणि तक्त्याच्या पार डाव्या कडेला नेले. ११९ चे घर तिथे येईल: सोडियम आणि पोटॅशियमच्या उभ्या रांगेत, फ्रान्सियमच्या खाली, नव्या आठव्या ओळीत. तिने ते तिथे आखले.

नमस्कार.