अंदमानला जाताना तिथी बघा

नमस्कार श्रोतेहो.

नोव्हेंबर ते एप्रिल हा अंदमानला जायचा हंगाम. अनेकांची विमानाची तिकिटं एव्हाना काढून झाली असतील. हॉटेल कोणतं आणि फेरीबोट कोणती, हे ठरवणारे पुष्कळ असतात. मी म्हणेन, त्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा.

पण पहिल्यांदा घड्याळाचं बोलू. मुंबईपासून अंदमान पूर्वेला जवळजवळ वीस रेखांश दूर आहे. एका रेखांशाला चार मिनिटं धरली, तर सूर्य तिथे आपल्याहून तासाभराहून जास्त आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. घड्याळ मात्र आपलंच, भारतीय प्रमाणवेळेचं. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमाराला दिवस मावळतो. सुट्टीवर आलोय म्हणून नऊला उठून दहाला नाश्ता करणाऱ्याचा अर्धा दिवस तिथेच संपला. पाचला उठा, सहाला पाण्याजवळ असा.

आता तिथीकडे. आपल्या कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब आपल्या किनाऱ्याचा, अंदमानात ही वेळ लागू पडत नाही. पण समुद्राचा स्वभाव तोच. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं आणि अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, भरती असते. नेमकी वेळ तिथल्या बोटवाल्याला विचारा, त्याला ती पाठ असते.

याचा उपयोग काय? नील बेटाचंच घ्या. सरकारी कागदावर ते 2018 पासून शहीद द्वीप झालं, बोलताना अजून बरेच जण नीलच म्हणतात. तिथल्या गावांची नावं भरतपूर, सीतापूर, रामनगर, लक्ष्मणपूर. लक्ष्मणपूरच्या एका किनाऱ्यावर खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथे जाण्यात खरी मजा ओहोटीला. पाणी हटलं की खडकांतल्या डबक्यांत खेकडे, समुद्रकाकडी, छोटे रंगीत मासे दिसतात, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या ओहोटीला तर पाणी आणखी मागे जातं. भरतीला गेलात तर लांबून फोटो काढून परतायचं. खडकाला शेवाळ असतं, पायात घट्ट बसणारे बूट हवेत, चपला नकोत.

स्नॉर्केलिंगचं याच्या उलट. मुखवटा आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगायचं आणि खाली प्रवाळ बघायचं, एवढंच ते काम. त्यासाठी भांगाचे दिवस बरे, कारण ओढ कमी असते आणि पाणी सहसा कमी गढूळ होतं. हॅवलॉक, म्हणजे आताचा स्वराज द्वीप, तिथला एलिफंट बीच त्यासाठी प्रसिद्ध आहे. बोटीने जाता येतं, पण पायांत बळ असेल तर जंगलातल्या वाटेने चालत जा. मला स्वतःला ती वाट बोटीपेक्षा जास्त आवडते. प्रवाळावर पाय मात्र ठेवू नका. तो दगड दिसत असला तरी जिवंत प्राण्यांची वसाहत आहे आणि काही जाती वर्षाला सेंटिमीटरभरही वाढत नाहीत. 2010 साली समुद्र तापून अंदमानातलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं होतं, त्यात आपल्या टाचांची भर नको. उन्हासाठी मलमापेक्षा पूर्ण बाह्यांचा सदरा चांगला. शंख-प्रवाळ उचलून आणायला कायद्यानेच बंदी आहे.

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली डुबकी. ती करायला पोहता यावंच लागतं असं नाही. पहिल्या डुबकीत प्रशिक्षक तुम्हाला धरूनच असतो. खाली जाताना कानावर दाब येतो, तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी जाऊच नका, पैसे बुडाले तरी चालतील.

अमावस्येचा आणखी एक फायदा. हॅवलॉकला काळोख्या रात्री कयाक वल्हवत खाडीत नेतात. वल्हं पाण्यात मारलं की निळसर उजेड उठतो. पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळल्यावर चमकतात, त्याचा हा प्रकाश. पौर्णिमेच्या चांदण्यात हे नीट दिसत नाही. ज्यांनी पौर्णिमेचं बुकिंग केलंय त्यांनी हॅवलॉकच्याच राधानगर किनाऱ्याला जावं. तो किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, सूर्य थेट समुद्रात बुडतो.

एक काळजी सांगतो. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. खाडीच्या तोंडाशी, तिवरांजवळ पाण्यात उतरू नका. जीवरक्षक सांगतील तिथेच पोहा.

आणि शेवटच्या दिवशी स्कूबा ठेवू नका. डुबकीनंतर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जावे लागतात, नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे त्रास देतात. तो दिवस पोर्ट ब्लेअरला, म्हणजे 2024 पासूनच्या श्री विजयपुरमला द्या. सकाळी सेल्युलर जेल बघा. मराठी माणूस सावरकरांची कोठडी पाहिल्याशिवाय परतत नाहीच. दुपारी साडेतीनच्या आत चिडिया टापूला निघा. तिथे जंगलात पक्षी आहेत आणि सूर्यास्तही. चारनंतर निघालात, तर अंधारात रस्ता तेवढा दिसेल.