न्हाणीघर, गॅस गिझर आणि दाबाखालचा ऑक्सिजन

कोल्हापुरातल्या जुन्या घरांत पाणी तापवायचा तांब्याचा बंब परसात असे. त्याच्या धुराने डोळे चुरचुरत, पण तो धूर उघड्यावर विरून जाई. आता मंगळवार पेठेतल्या लहानशा न्हाणीघरातही गॅस गिझर आला आहे, आणि डिसेंबरातला गारठा आत येऊ नये म्हणून झरोक्यात वर्तमानपत्राची घडी खोचलेली असते. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास.

हा वायू रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के वापरतो, म्हणून पहिला फटका त्यालाच बसतो. साध्या हवेत रक्तातला हा विषारी वायू निम्म्यावर यायला चार ते पाच तास लागतात; मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिल्यास सुमारे ८० मिनिटे, आणि तोच ऑक्सिजन वातावरणाच्या तिप्पट दाबाखाली बंद कक्षात दिल्यास सुमारे २३ मिनिटे.

गोटी सोड्याच्या बाटलीत दाबामुळेच वायू पाण्यात मुरलेला असतो. इथेही तेच घडते. एरवी १०० मिलिलिटर रक्तात ऑक्सिजन जेमतेम ०.३ मिलिलिटर विरघळलेला असतो, तो ६ मिलिलिटरपर्यंत जातो आणि हिमोग्लोबिन अडकून पडले असले तरी मेंदूपर्यंत पोहोचतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, या विषबाधेच्या रुग्णांवरील अमेरिकेतील चाचणीत, पहिल्या २४ तासांत असे तीन उपचार मिळालेल्यांपैकी २५ टक्के रुग्णांत सहा आठवड्यांनी स्मृती व आकलनाच्या तक्रारी आढळल्या. इतरांत हे प्रमाण ४६ टक्के होते.

पुणे–बंगळूर महामार्गावर दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला दाबाखालच्या ऑक्सिजनचा उपयोग होतो, असे मात्र इतक्या खात्रीने म्हणता येत नाही. गंभीर इजेत मृत्यू काही प्रमाणात टळल्याचे दिसले, पण वाचलेले रुग्ण पुन्हा स्वतःच्या पायावर उभे राहिले, असे सिद्ध झाले नाही. सौम्य इजा झालेल्या अमेरिकी सैनिकांत तर लुटुपुटीचा उपचार, म्हणजे खऱ्या उपचाराचा नुसता देखावा, मिळालेलेही तेवढेच सुधारले. कक्षातल्या चाळीस बैठकांचे पॅकेज पुढे करणाऱ्याला नातेवाइकांनी याबद्दल जरूर विचारावे.

कक्षात जाताना सुती कपडे घालावे लागतात, डोक्याला तेल चालत नाही, मोबाइल बाहेरच राहतो. शुद्ध ऑक्सिजनमध्ये एक ठिणगीही पुरते. आणि अपघातात बरगडी मोडून फुफ्फुसाभोवती हवा साठली असेल, तर ती नळी घालून काढल्याशिवाय रुग्णाला आत घेतच नाहीत.